काळे पंख, पांढरं अंग: करकोचा कोणता?

प्रश्न: काकू, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर डिसेंबरात काळ्या पंखांचे पांढरे करकोचे दिसले. ते परदेशातून येणारे श्वेत करकोचे, की इथलेच उघड्या चोचीचे? चोचीतली फट काही दिसली नाही.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: फटीवर विसंबू नकोस बाळा. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या पिल्लांना ती नसतेच, वाढत्या वयात येते. शेपटी बघ. श्वेत करकोच्याची पांढरीशुभ्र, आपल्याकडच्याची काळी. उडतानाही हे चटकन कळतं. श्वेत करकोचा अंगाने मोठा, चोच आणि पाय लालभडक. दुसऱ्याची चोच मळकट करडी.

पण मला खरं वेड आहे ते उघड्या चोचीवाल्याच्या जेवणाचं. चिखलातली गोगलगाय पकडायची, खालच्या चोचीचं टोक तिच्या झाकणाआड सरकवायचं, आतला स्नायू कापायचा आणि मांस अलगद ओढून घ्यायचं. शंख बहुधा अख्खाच राहतो! तासभर बघत बसलं तरी माझं मन भरत नाही.

श्वेत करकोचा हिवाळ्यापुरताच येतो. तो पाण्याइतकाच कोरड्या माळावर, नांगरलेल्या शेतातही नाकतोडे टिपत फिरतो. तेव्हा तलावावर जाताना रस्त्याकडेची शेतंही बघत जा.