‘ग्रोटेस्क’ म्हणजे बेढब नव्हे

प्रश्न असा आलाय की ‘अक्झिडेंझ ग्रोटेस्क’, ‘नोये हास ग्रोटेस्क’ या टाइपच्या, म्हणजे छापील अक्षरांच्या वळणांच्या, नावांतल्या ग्रोटेस्कला मराठीत ‘बेढब टंक’ म्हणायचं का. अजिबात नाही! डिझाइनवरच्या लेखांत हे ‘बेढब’ नि ‘विद्रूप’ सतत वाचायला मिळतं आणि दरवेळी संताप होतो. स्वित्झर्लंडच्या डिझायनरांच्या अख्ख्या पिढीने ज्या अक्षरात स्वच्छपणा आणि शिस्त शोधली ते बेढब?

विचित्र, हिडीस हे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडते. मूळ शब्द इटालियन ‘ग्रोत्ता’, म्हणजे गुहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीला रोममध्ये नीरोच्या गाडल्या गेलेल्या महालाच्या खोल्या सापडल्या, लोक वरून भोकातून आत उतरायचे, त्यांना त्या गुहाच वाटल्या, आणि भिंतींवरच्या वेलबुट्टीला, अर्धा माणूस अर्धी वेल असल्या चित्रांना नाव पडलं ‘ग्रोतेस्के’. हिडीसपणा त्याला नंतर चिकटला.

अक्षरांना हे नाव मिळालं इंग्लंडमध्ये, १८३०च्या दशकात, विल्यम थॉरोगुडच्या टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यात. जाणकार सांगतात की सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना असणारे बारीक फराटे, नसलेली अक्षरं तेव्हा भयंकर वाटली म्हणून हे नाव. मला हे साफ नामंजूर आहे. स्वतःचाच माल हिडीस म्हणून कोण विकतं? याच जातीच्या अक्षराला १८१६मध्ये चौथ्या विल्यम कॅसलॉनने ‘इजिप्शियन’ म्हटलं होतं, म्हणजे ओढ होती ती प्राचीनाची. आणि खरी मजा पुढे आहे: इंग्लंडमधल्या स्टूरहेडच्या बागेत अठराव्या शतकाच्या मध्याला एक कृत्रिम गुहा बांधली, तिथे अप्सरेच्या मूर्तीपाशी कोरलेल्या ओळी सेरिफ नसलेल्या अक्षरांतच होत्या! छपाईच्या अक्षरांचे इतिहासकार जेम्स मोझली यांनी १९६५मध्ये या गुहेकडे लक्ष वेधलं. माझं मत सरळ आहे, ग्रोटेस्क म्हणजे गुहेतलं, जुन्या वळणाचं अक्षर.

‘अक्झिडेंझ’चाही अपघाताशी संबंध जोडू नका, जर्मन छापखान्यांत पत्रकं, फॉर्म, जाहिराती अशा किरकोळ छपाईच्या कामाला तो शब्द आहे. झुरिकचा डिझायनर म्युलर-ब्रॉकमान याने तिथल्या टोनहाले या सभागृहातल्या संगीत मैफिलींची पोस्टरं केली ती याच किरकोळ कामाच्या टाइपमध्ये. स्विस डिझायनर तो बर्लिनचा ‘अक्झिडेंझ ग्रोटेस्क’ इतका वापरत होते की स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीच्या एडुआर्ड हॉफमानला त्याला टक्कर देणारा घरचा टाइप हवा झाला, मॅक्स मीडिंगरने तो काढला, १९५७मध्ये, नाव ‘नोये हास ग्रोटेस्क’. पुढे जर्मनीत विकायला ‘हेल्वेटिया’ हे नाव सुचवलं गेलं, पण टाइपला देशाचं नाव कसं द्यायचं म्हणून हॉफमानने ‘हेल्वेटिका’ केलं, म्हणजे ‘स्विस’. तेव्हापासून स्विस शैली, म्हणजे त्या डिझायनरांची स्वच्छ, शिस्तीची मांडणी, म्हणजेच हेल्वेटिका असा समज घट्ट बसलाय, तो चुकीचा आहे, शैली आधीची आणि हा टाइप तिच्या पोटातून आलेला.

नाव लिहिताना ग्रोटेस्कच ठेवा, आणि जातीसाठी मराठी शब्द हवाच असेल तर ‘बिनसेरिफ’ म्हणा.