शाल, नारळ आणि मानपत्र

प्रिय पिल्लू,

गावातल्या २६ जानेवारीचा व्हिडिओ बघून तू विचारलंस, की कुणाच्याही घरी मयत झालं की रात्री-अपरात्री लाकडं रचायला जाणाऱ्या त्या काकांना फक्त शाल आणि नारळ का दिला? पैसे का नाही दिले? आणि त्यांना निवडलं कुणी?

पैसे दिले की त्या कामाची मजुरी ठरते. मग पुढच्या वेळी कुणी म्हणेल, दिले होते की! मान वस्त्राने आणि फळाने करायचा ही आपली जुनी रीत आहे. लग्नातला आहेरही त्याच रीतीचा. पण जिथे मोबदला ठरलेला आहे तिथे शाल हा त्याचा पर्याय नव्हे. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना सरकारी कागदावर ‘स्वयंसेविका’ म्हणतात, तरी त्यांच्या कामाचा मोबदला ठरलेला असतो. तो थकवून वर सत्कार करणं मला अपमानच वाटतं.

नारळ सोललेला पण शेंडी ठेवलेला घेतात. आधी हलवून बघायचा, आत पाणी वाजलं पाहिजे. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी असेल तर तो नासका निघतो. नोकरीवरून काढलं की आपण ‘नारळ दिला’ म्हणतो, म्हणून पत्रिकेवर ‘श्रीफळ’च छापलेलं बरं. शालीची लांबट घडी करून ती मागून दोन्ही खांद्यांवर घालतात, मग दोन्ही हातांनी श्रीफळ देतात. शाल तिथेच पिशवीतून काढून लेबलासकट खांद्यावर टाकू नये. बाईचा सत्कार बाईच्याच हातून करतात, आणि इथेच एक जुनी चूक व्हायची. हळदीकुंकू लावून ओटी भरायची ठरली, की नवरा गेलेल्या बाईला मागे बसावं लागे, मग तिने गावासाठी कितीही केलेलं असो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. सत्कारात ओटी ठेवायचीच असेल तर ती सगळ्याजणींची भरावी, नाहीतर कुणाचीच भरू नये.

आता निवडीचं. खरी मेहनत तिथेच लागते. सरपंचांनी चार नावं काढली की गावाला ती लगेच कळतात: भाऊबंद, गटातला माणूस, गणपतीला मोठी वर्गणी देणारा. नाव ग्रामसभेत यावं, आणि त्याआधीच्या महिला सभेतही मागावं. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. एकट्या म्हाताऱ्यांना रोज भाकरी पोचवणारी कोण, हे तिथे कळतं. चावडीवरच्या पुरुषांना ते ठाऊक नसतं. वाड्या-वस्त्यांवर तर जाऊनच विचारावं लागतं, कारण तिथली माणसं सभेला पोचत नाहीत. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: काम कोणतं, किती वर्षांपासून, आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्यापैकी दोघांची साक्ष. साक्षीचा रकाना रिकामा राहिला तर ते नाव बाजूला ठेवायचं. शेवटी त्या माणसालाच विचारायचं. काहींना स्टेजवर चढणं नको असतं. त्यांचं ‘नाही’ मानावं, फार तर घरी जाऊन भेटावं.

बंधाऱ्याच्या श्रमदानाला साठ माणसं असतील तर एकाला शाल देणं म्हणजे पुढच्या श्रमदानाला माणसं कमी करणं. तिथे साठही नावं फळ्यावर लिहून ती वाचून दाखवावीत. पंधरा मिनिटं लागतात, पण लागू द्यावीत.

२०२३ पासून ३१ मे रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, महिला-बालकल्याणात चांगलं काम करणाऱ्या दोन महिलांचा प्रत्येक ग्रामपंचायतीत सन्मान करावा अशी सरकारी योजना आहे. ती चांगली आहे, पण आपल्याला हव्या असलेल्या नावांसाठी तेवढी पुरत नाही. गावाने आपला दिवस ठरवावा. २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी शाळेच्या पटांगणात सगळे आलेलेच असतात. दुसरी चांगली वेळ म्हणजे सप्ताहात काल्याचं कीर्तन संपल्यावर, महाप्रसादाच्या आधी. पेरणीच्या दिवसांत किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवलं तर खुर्च्या रिकाम्या राहतात.

आणि कार्यक्रम कशाने बिघडतो सांगू? पाहुण्यांच्या स्वागताने. आमदारांपासून दूधसंघाच्या संचालकांपर्यंत हारतुरे घालताना पाऊण तास जातो, आणि ज्यांच्यासाठी मांडव घातला त्यांची पाळी येते तेव्हा पोरं घरी गेलेली असतात. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत सत्कार पहिला, स्वागत मागाहून, तेही एका गुलाबाच्या फुलाने. भाषणं त्यानंतर.

शाल-नारळापेक्षा मला मानपत्र मोलाचं वाटतं. ‘समाजकार्याची तळमळ असणारे’ असलं वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी लिहावं: ‘गेली अकरा वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला, जात न विचारता, लाकडं रचायला येतात, पावसाळ्यासाठी कोरडी लाकडं स्वतःच्या गोठ्यात ठेवतात.’ अशी चार-पाच वाक्यं पुरेत. छापण्याआधी नाव आणि आडनाव त्यांच्या घरच्यांकडून तपासून घ्यावं, कारण चुकीच्या नावाची चौकट कुणी भिंतीला लावत नाही. आणि वाचायला मोठ्या, स्वच्छ आवाजाची शाळेतली मुलगी उभी करावी. म्हणजे घरचे आणि शेजारचे सगळे ऐकतात, आणि त्या माणसाने काय केलं ते गावाला नेमकं कळतं.

व्हिडिओत मानपत्राचं वाचन शाल घालण्याच्या आधी आहे. तो भाग आवाज वाढवून पुन्हा ऐक. जे शब्द कळले नाहीत ते लिहून ठेव, रविवारी फोनवर सांगते.

तुझी
आई