रात्रभर बाळाचा श्वास मोजत बसतेस म्हणून

अगं,

रात्री अडीचचा मेसेज सकाळी बघितला. लेक भराभरा श्वास घेते, मग एकदम थांबते आणि तुझा जीव टांगणीला. नवीन बाळांचं असंच असतं गं, श्वासाचं कंट्रोल मेंदूत अजून नीट बसलेलं नसतं, म्हणून पाच-दहा सेकंद गॅप पडतो आणि परत सुरू. मोजायचाच असेल तर ती झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट मोज, ३० ते ६० नॉर्मल. पण थांबणं २० सेकंदांवर गेलं, ओठ-जीभ निळी पडली, दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, तर मला मेसेज टाकत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठायचं. नुसते तळहात-तळपाय निळसर दिसणं पहिल्या काही दिवसांत चालतं.

झोपेत दचकून दोन्ही हात फाकवते ना, तो मोरो रिफ्लेक्स, चार-सहा महिन्यांत जातो. शिंका म्हणजे सर्दी नाही, नाक साफ करतेय ती. उचक्यांचा त्रास तिला नाही, बघणाऱ्यांनाच जास्त.

आता कुथणं. लालबुंद होते, रडते, दहा मिनिटं जोर लावते आणि शी निघते मऊ, मग ती बद्धकोष्ठता नाही गं, पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालून सैल सोडायचं हे तिला अजून जमत नाही, शिकेल, औषध देऊ नकोस. पहिल्या आठवड्यात डायपरमध्ये थोडं रक्तासारखं दिसलं होतं ते तुझ्याच हार्मोन्समुळे, मुलींमध्ये होतं.

आणि ते 'दूध पुरत नाही' प्रकरण. संध्याकाळी दर अर्ध्या तासाला मागते म्हणून लगेच पावडरच्या दुधाचा डबा उघडायचा? संध्याकाळी बाळं अशीच लागोपाठ पितात. जन्मानंतर वजन जरा उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले डायपर होतायत का ते बघ, बाकी लोकांच्या कॉमेंट्स राहू देत.

तापाला मात्र थांबायचं नाही, तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की रात्र असो नाहीतर पहाट, डॉक्टर. थर्मामीटर घरात आहे ना? नसेल तर आजच मागव.