वाचकांचे प्रश्न : तिरंगी मांजर दत्तक घेताना

प्रश्न : आम्ही कोथरूडमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या भागात मांजरांची सुटका करून त्यांना घर मिळवून देणाऱ्या एका गटाकडे सध्या दोन मांजरी आहेत. एक तीन महिन्यांचे पांढरे-काळे-केशरी पिल्लू आणि दुसरी सुमारे दोन वर्षांची, काळ्या-तांबूस मिसळीच्या रंगाची. मोठीला कोणी विचारत नाही. मुलीला पिल्लू हवे आहे. सासूबाई म्हणतात तिरंगी मांजर म्हणजे लक्ष्मी, तर शेजारीण सांगते की अशा मांजरी तापट असतात. शिवाय हा गट खिडक्यांना जाळी बसवल्याचे फोटो आणि सही केलेले करारपत्र मागतो. हे जरा अति नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : रंगावरून जवळजवळ खात्रीने एकच गोष्ट सांगता येते, ती म्हणजे दोघीही माद्या आहेत. केशरी रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीत अशी दोन गुणसूत्रे असल्यामुळे एकाकडून केशरी आणि दुसऱ्याकडून काळा रंग येऊ शकतो; गर्भावस्थेत प्रत्येक पेशीतले एक एक्स बंद पडते, आणि कोणते बंद पडले त्यानुसार त्या पेशीपासून वाढलेल्या भागाचा रंग ठरतो. पांढरा रंग निराळ्या जनुकाचा असून तो जितका अधिक, तितके बाकीचे चट्टे मोठे आणि सुटे दिसतात. म्हणूनच पिल्लू ठसठशीत तिरंगी आहे आणि मोठीचे रंग एकमेकांत कालवल्यासारखे झाले आहेत. यात योगायोगाचा भाग इतका मोठा आहे की 2001 मध्ये अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात एका तिरंगी मांजरीपासून जगातील पहिले क्लोन मांजर जन्माला आले, तेव्हा जनुके तीच असूनही त्याच्या अंगावर केशरी रंग उतरला नाही.

तापटपणाविषयी म्हणाल, तर कॅलिफोर्नियातील एका पाहणीत मांजरे पाळणाऱ्यांनी तिरंगी आणि मिश्र रंगाच्या मांजरींना थोड्या अधिक चिडखोर ठरवले होते. पण तो पाळणाऱ्यांनी कळवलेला अनुभव होता, फरकही लहान होता आणि काही काळ्या-पांढऱ्या मांजरांबद्दलही तेच मत पडले होते. तुमच्यासमोरच्या मांजरीबद्दल त्यावरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा तिथे जाऊन अर्धा तास जमिनीवर बसावे, मांजरीला उचलू नये, बोट तिच्या नाकाच्या उंचीवर स्थिर धरावे आणि ती हुंगून गाल घासते, की कान मागे पाडून शेपटी आपटू लागते, हे पाहावे. सासूबाईंच्या लक्ष्मीला माझी हरकत नाही. निदान त्या समजुतीने मांजर घरात तरी येते.

मादी आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न नसबंदीचा. मांजरी चार-सहा महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. मोठीची शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा कागद मागावा. रस्त्यावरच्या मांजरांच्या बाबतीत कानाचे सरळ कापलेले टोक हीदेखील खूण असते. पिल्लाची नसबंदी कधी, कोणाकडे आणि कोणाच्या खर्चाने होणार, हे करारपत्रातच लिहून घ्यावे. लसीकरणाची पुस्तिका, जंतांच्या औषधाच्या तारखा आणि रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणीही विचारावी. हे सर्व देणारा गट तुमच्याकडेही चार कागद मागत असेल, तर त्यात मला अति काही दिसत नाही. चौथ्या मजल्यावरून कबुतरामागे झेप घेणारे मांजर पायांवर पडले, तरी त्याचा जबडा आणि छाती शाबूत राहीलच असे नाही. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर चावून तोडू शकते, त्यामुळे धातूची घ्यावी.

मुलीचा हट्ट मी समजू शकतो, परंतु घरातली सर्वजण दिवसभर बाहेर असतील तर एकटे पिल्लू घेऊ नये, मोठी घ्यावी. तिचा स्वभाव आजच दिसतो आहे. पहिले दोन आठवडे तिला एका खोलीत, वाळूचा ट्रे आणि लपायला एखादे खोके देऊन ठेवावे, आणि तिला सवयीचे असलेलेच अन्न द्यावे.

प्रश्न : तिरंगी बोका लाखोंना विकला जातो, असे ऐकले. खरे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : असा बोका साधारणतः तीन हजार तिरंगी मांजरांत एखादा आढळतो. त्याच्यात बहुधा एक एक्स गुणसूत्र जास्तीचे असते आणि त्यामुळे तो जवळजवळ नेहमीच वांझ असतो. म्हणजे पैदाशीसाठी त्याला किंमत नाही. फोनवर आगाऊ रक्कम मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. असा बोका खरोखरच घरी आला, तर त्याचीही नसबंदी करून घ्यावी, कारण पिल्ले होत नसली तरी भिंतींवर मूत्र फवारण्याची आणि भांडणे उकरण्याची खोड त्यालाही लागू शकते.