अपडेटनंतर मुका झालेला इयरबड आणि ‘संपलेली’ वॉरंटी

प्रश्न : कंपनीच्याच ॲपने सुचवलेला फर्मवेअर (इयरबडमधलं अंगचं सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि तेव्हापासून माझा डावा इयरबड बंद आहे. खरेदीला तेव्हा दहा महिने झाले होते, वॉरंटी वर्षाची. लगेच ईमेलने तक्रार केली. तीन महिने कस्टमर केअरने रिसेट, पुन्हा पेअरिंग, परत रिसेट हेच करायला लावलं. आता म्हणतात, वॉरंटी संपली. शिवाय अपडेट चालू असताना तुम्हीच केसचं झाकण उघडलं असेल. पैसे भरून नवा बड घ्यायचा का?

उत्तर : इतक्यात नको. बिघाड झाला तेव्हा वॉरंटी चालू होती आणि तुम्ही तो मुदतीतच लेखी कळवला होता. पुढचे तीन महिने त्यांनी घालवले. त्यांच्या दिरंगाईचा भुर्दंड तुम्ही का भरावा?

ज्या रिसेटना तुम्ही कंटाळलात, तेच आता तुमचे साक्षीदार आहेत. सगळे ईमेल आणि चॅट तारखांसकट जपून ठेवा. ॲपमध्ये दोन्ही बड्सच्या फर्मवेअरचे आवृत्ती क्रमांक वेगवेगळे दिसत असतील, तर त्याचा स्क्रीनशॉट आजच काढा. उजवा नव्या आवृत्तीवर आणि डावा जुन्यावर अडकलेला दिसला, तर अपडेट अर्धवट राहिल्याचं ते बोलकं चिन्ह आहे. ॲप काढून टाकू नका आणि बड बाहेर कुठे उघडूनही घेऊ नका, नाहीतर छेडछाडीचा ठपका आयताच तुमच्यावर येईल. सर्व्हिस सेंटरला द्यावाच लागला, तर जॉबशीटवर, म्हणजे वस्तू घेताना ते देतात त्या दुरुस्तीच्या कागदावर, ‘अपडेटनंतर बंद’ असं लिहून घ्या. नुसतं ‘नॉट वर्किंग’ चालवून घेऊ नका.

झाकणाचा मुद्दा मला तकलादू वाटतो. ‘उघडलं असेल’ हा झाला अंदाज. पुरावा कुठे आहे? अपडेट कंपनीचा, सर्व्हर कंपनीचा. नोंदी असल्याच तर त्यांच्याकडेच असणार. कंपनीला लेखी नोटीस द्याल, तीत त्या मागा. ग्राहक आयोगासमोर गेलात तर कागदपत्रं हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेतही पाठवता येते. मात्र अपडेटच्या वेळी झाकण खरोखरच उघडलं असेल, तर ते लपवू नका. तशी सूचना तेव्हा स्क्रीनवर होती का, यावर मग बरंच अवलंबून राहील.

आधी विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. खरेदी ऑनलाइन असेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही तक्रार नोंदवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एवढ्यानेही दाद लागली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत, शिवाय नुकसानभरपाईही मागा. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही; खरं सांगायचं तर वकिलाची फी इयरबड्सपेक्षा जड जाईल, तेव्हा स्वतःच उभे राहा.

आयोगात तक्रार करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ती बिघाडाच्या दिवसापासूनच धरून चाला. नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. त्यामुळे त्यांनी चौथ्यांदा रिसेट करायला सांगितलं तर जरूर करा, पण नोटीस त्याच दिवशी पाठवा.