ट्रॉम्सो ते लाँगइयरबियेन: सव्वा तास का पावणेदोन तास?

ताई, तुम्ही विचारलंय की उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरबियेनला विमानानं जायला एक साइट सव्वा तास दाखवते, तिकिटावर मात्र एक तास चाळीस मिनिटं, आणि नकाशावर मधला समुद्र बघितला तर दोन्ही खोटं वाटतं. तर दोन्ही खरं आहे, नकाशाच फसवतोय.

आधी अंतर बघा. ट्रॉम्सो ६९.७ अंश उत्तरेला, लाँगइयरबियेन ७८.२ ला, रेखांश जवळपास तेच, म्हणजे विमान सरळ वरच जातं. अक्षांशाचा एक अंश कुठंही गेलात तरी १११ किमीच्या आसपास भरतो, साडेआठ अंशांनी गुणा आणि थोडं तिरकं जाण्याचं धरा, ९६० किमीच्या जवळपास येतं की. आपल्या सोलापुरातून सरळ रेघ मारली तर ग्वाल्हेर साधारण तेवढंच पडतं, ते काय कुणाला जगाच्या टोकाला वाटत नाही. पण भिंतीवरचा नकाशा उत्तरेकडं जाईल तसा ताणलेला असतो. आपल्याकडं रेखांशाचा एक अंश १०६ किमी भरतो आणि तिकडं जेमतेम २३, नकाशावर मात्र दोन्ही एकाच रुंदीचे काढलेले असतात, मग उंचीपण तशीच ओढून धरतात.

वेळेचं असंय की ती साइट नुसतं अंतर भागिले ताशी ८०० करते, विमान जणू हवेतच जन्मलं. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची, त्यात रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग सगळं आलं, त्यामुळं प्लॅन करताना तिकिटाचीच वेळ धरा. मुंबई-लंडनला जाता-येता जसा मोठा फरक पडतो तसा इथं पडत नाही, रूट दक्षिणोत्तर आहे आणि वरचं जोरकस वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं, ते आडवं लागतं.

खरी गोची वेगळीच आहे आणि ती तुम्ही विचारलीच नाही. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर. तिकडं जायला वेगळा व्हिसा नाही, पण नॉर्वेतून निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येणं म्हणजे दुसरी एंट्री. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर जाल निवांत, परत येताना अडकाल. डबल किंवा मल्टिपलच मागा, फॉर्म भरतानाच, आईवडलांच्या फॉर्मवरपण. ट्रॉम्सोला पासपोर्ट चेकिंग होतं, देशातल्या देशात चाललोय म्हणून ऐनवेळी पोचू नका. दोन तिकिटं वेगवेगळी काढणार असाल तर मधे एक रात्र ठेवाच, वर धुकं-वादळ झालं तर जवळ दुसरं मोठं विमानतळ नाही, विमान सरळ मागं फिरू शकतं. माझं मत विचाराल तर वयस्कर माणसं सोबत असताना ओस्लोहून डायरेक्ट तीन तासांचं घ्या, ट्रॉम्सो परतीला बघा. आपल्याला नुसतं मुंबई गाठायलाच वंदे भारतने साडेसहा तास लागतात, त्यात आणखी एक विमान कशाला बदलायचं वो.

आणि मुलाला भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन स्टेशन बघायचंय म्हणालात. ते २००८ सालचं, पण लाँगइयरबियेनला नाही, न्यू-ओलेसुंडला आहे, तिथून अजून शंभरेक किमी वर. छोटं विमान जातं, पण ते संशोधक आणि तिथल्या स्टाफसाठी. टुरिस्टला उन्हाळ्यात बोटीनंच जावं लागतं, तेव्हा तारखा बोटीच्या बघून मग विमान बुक करा.