आधी कान, मग डॅप: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्याकडे दोन हजारांचे वायरवाले इअरफोन आहेत. आता पन्नास हजारांचा डॅप, म्हणजे फक्त संगीतासाठीचा प्लेअर, घ्यावा म्हणतो. फोनपेक्षा किती फरक पडेल? (नाशिक)

फारच थोडा. ते पैसे आधी इअरफोनवर घाला. डिजिटल फाइलचं विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या डॅक चिप आता इतक्या सुधारल्या आहेत, की फोनला लावायच्या साध्या पण चांगल्या टाइप-सी डोंगलमधली खरखर आणि विकृती सहसा कानाला जाणवतही नाही. याउलट दोन इअरफोनमधला फरक कुणालाही पहिल्या मिनिटात कळतो.

डॅप निरुपयोगी आहे असं नाही. मोठा संग्रह एकत्र राहतो, मध्येच फोन वाजत नाही, जड हेडफोनला ताकद मिळते. पण दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. एक जरा मोठ्यानं वाजत असेल, तर कान त्यालाच ‘स्वच्छ’, ‘मोकळा’ म्हणतो आणि खिसा हलका होतो.

प्रश्न : महागडे आयईएम, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, घेतले. दुकानात डग्गा सुंदर घुमत होता, घरी सगळं पोकळ वाटतंय. माल खराब असेल का? (कोल्हापूर)

माल बहुधा ठीक आहे, टोकाची रबरी टिप कानात नीट बसलेली नाही. आयईएमचा खर्ज कानाची नळी बंद होण्यावर अवलंबून असतो. कडेला बारीकशी फट राहिली, की खालचे स्वर तिथून निसटतात आणि वरचे तेवढे टोचत राहतात.

डग्ग्याची मींड असलेला तुकडा लावा आणि दोन्ही आयईएम बोटानं हलकेच आत दाबा. घुमारा परत आला, तर दोष टिपचाच. मग मोठ्या मापाची टिप घ्या. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी नवल वाटू देऊ नका. घालताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, आयईएम आत सरकवा, मग पाळी सोडा. तोंड उघडल्यावर खर्ज जात असेल, तर फोमची टिप वापरून पाहा. ती कानाच्या आकारानुसार फुगते, पण लवकर झिजते आणि बदलावी लागते. एकच बाजू मंद वाटत असेल, तर जाळीत मळ अडकलाय का तेही बघा.

टिप बसली, की तंबोरा ऐका. ऑडिओच्या चाचण्यांसाठी पाश्चात्त्य गाण्यांच्या याद्या फिरत असतात, पण आपल्या कानांना तंबोऱ्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झचा, आणि जवारीमुळे, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीला दिलेल्या वळणामुळे, त्याच तारेतून उपस्वरांची (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची) रांग हजारो हर्ट्झपर्यंत चढते. तार छेडल्यावर ते उपस्वर उलगडत खाली येतात. चांगल्या आयईएममध्ये ही उतरण सलग ऐकू येते. वाईटात नुसता ‘झं’ उरतो, किंवा वरचा भाग सुईसारखा टोचतो. (मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या कारागिरांनी जवारीत घातलेला जीव आपल्या कानापर्यंत पोचायलाच हवा.)

प्रश्न : सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन फोनला लावला तर आवाज पुरत नाही. (ठाणे)

त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे. त्याला व्होल्टेज जास्त लागतं आणि बरेचसे फोन, डोंगल तेवढं देत नाहीत. साधारण दोन व्होल्ट देणारा छोटा डॅक-अँप, म्हणजे डॅक आणि अँप्लिफायर एकत्र असलेलं उपकरण, पुरेल.

प्रश्न : लोकलमध्ये ऐकायला वायर बरी की ब्लूटूथ? ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याचं एलडॅक हे तंत्र हवंच का? (डोंबिवली)

लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट कमी करणारा, नॉइज कॅन्सलिंगवाला ब्लूटूथ हेडफोन घ्या. एलडॅकचा कमाल वेग सेकंदाला ९९० किलोबिट, पण गर्दीत तो बऱ्याचदा खाली घसरतो. आयफोनवर तर एलडॅक नाहीच, तिथं एएसी हे दुसरं तंत्र चालतं आणि ते पुरेसं आहे. खरा मुद्दा कानांचा आहे. डब्याचा खडखडाट झाकायला आपण आवाज वाढवत नेतो. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास इतकी आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला हे तास निम्मे होतात.

प्रश्न : आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये उतरवून घेतल्या तर जास्त चांगल्या ऐकू येतील का? (पुणे)

त्या आकड्यांमुळे नाही. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे ९६,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. माणसाच्या कानाची धाव २०,००० पर्यंत. तबकडी १९२५ च्या आधीची, भोंग्यासमोर गाऊन घेतलेली असेल, तर तिच्यात वरचे स्वर फारसे उतरलेलेच नाहीत.

चांगलं ऐकू येईल ते सुईमुळे आणि वेगामुळे. ७८ च्या तबकडीची खाच एलपीपेक्षा रुंद असते. तिला एलपीची सुई लावली तर ती तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. वेगही नीट तपासून घ्या, कारण त्या काळच्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नाहीत. वेग साधारण ६ टक्के चढला, की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो आणि आवाजाचा पोतही बदलतो. हार्मोनियमचा स्वर कुठे लागतोय ते ऐकून अंदाज घ्या. त्या गायकाची पट्टी ठाऊक असलेलं कुणी घरात असेल, तर त्यांना शेजारी बसवा.

जपून ठेवायची प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, खरखर न काढता ठेवा. ऐकायला तिच्यावरून वेगळी प्रत करा.